कॉलेज बास्केटबॉल : रिकाम्या जागा ट्रान्स्फर खेळाडूंनी भराव्यात का?

हूजियर_मराठी | ८ जून २०२५

परवा, ६ जूनला, न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंनी एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेविरुद्ध भरलेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली. १ जुलैपासून अमेरिकेतली कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतील. पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची कमाल मर्यादा आहे. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये आजवर १३ स्कॉलरशिपची अट होती. ती जाऊन आता १५ जणांच्या रोस्टरची, म्हणजे संघातल्या नावांच्या यादीची, मर्यादा येते आहे. जागाही वाढल्या आणि त्या भरायला पैसाही आला. त्या कोणी भरायच्या, यावर इथे बोलू या.

माझं मत आधीच मांडतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. ट्रान्स्फर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजमधून बदली होऊन आलेले खेळाडू जरूर घ्या, पण वर्षाला एक, फार तर दोन, आणि तेही ठरावीक कामासाठी. संघाचा कणा आपल्याकडेच वाढलेल्या पोरांचा हवा.

मी इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाचा माजी विद्यार्थी आहे, त्यामुळे उदाहरणं तिथलीच सुचतात. २०२२-२३ च्या मोसमात आमच्याकडे झॅक ईडी होता, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर हे पहिल्या वर्षाचे दोन गार्ड (चेंडू हाताळणारे बाहेरचे खेळाडू) होते. चेंडू घेऊन वेगात घुसणारा आणि बचावात समोरच्याला दमवणारा तिसरा गार्ड मात्र नव्हता. त्या मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत काय झालं ते मी लिहीत नाही, जर्सीकर लिहितीलच. पुढच्या मोसमासाठी कोच मॅट पेंटर यांनी पोर्टलमधून (बदली मागणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) सदर्न इलिनॉयमध्ये चार वर्षं खेळलेला लान्स जोन्स आणला. बाकी संघ जवळपास तोच ठेवला. १९८० नंतर पर्ड्यू पहिल्यांदा फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चारांत, पोचलं आणि थेट फायनलही खेळलं. यंदा रीबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) कमी पडत होते, तर साउथ डकोटा स्टेटचा ऑस्कर क्लफ येतोय. गेल्या मोसमात दर सामन्याला १२ च्या वर रीबाउंड घेतलेत त्याने. स्मिथ, लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन शेवटच्या वर्षाला थांबले आहेत.

मला संघ असा बांधलेला आवडतो. तुम्ही कोच असता आणि दोन जागा रिकाम्या असत्या, तर काय केलं असतं?

जर्सीकर

बोलावलंत तर आलोच. मार्च २०२३, पर्ड्यू पहिल्या मानांकनाचं, समोर सोळाव्या, म्हणजे सर्वात खालच्या, मानांकनाचं फेअरली डिकिन्सन. ६३-५८. आमच्या न्यू जर्सीचं छोटं कॉलेज. आदल्या वर्षी सेंट पीटर्सनेही तुम्हालाच घरी पाठवलं होतं, ६७-६४. जर्सीला पर्ड्यूचं काय वावडं आहे कुणास ठाऊक.

पण तुमच्या मुद्द्याला धरूनच एक सांगतो. फेअरली डिकिन्सनचे कोच टोबिन अँडरसन त्याच मोसमात डिव्हिजन टूच्या (दुसऱ्या पातळीच्या) सेंट थॉमस अक्वायनसहून आले होते आणि येताना आपले खेळाडू घेऊन आले होते. डिमिट्री रॉबर्ट्स, ग्रँट सिंगलटन, शॉन मूर हे सगळे ट्रान्स्फरच. म्हणजे तुम्हाला ज्यांनी हरवलं तेही पोर्टलचंच पीक.

पहाटेचा_प्रेक्षक

नाशिकहून वाचतोय. एनबीए बघतो, कॉलेजचं मार्च मॅडनेस (तीच मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धा) दोन-तीन वर्षांपासून बघायला लागलो. हे पोर्टल म्हणजे आयपीएलच्या लिलावासारखं काही आहे का? नावं येतात, बोली लागते, ज्याच्याकडे पैसा त्याचा खेळाडू?

सल्लागार_ताई

मी इथल्या एका विद्यापीठात विद्यार्थ्यांची शैक्षणिक सल्लागार आहे, खेळाडू विद्यार्थीही माझ्याकडे असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लिलाव नाही. लिलावात खेळाडूला कुठे जायचं ते विचारत नाहीत, इथे शेवटचा शब्द खेळाडूचा असतो. पोर्टल म्हणजे एनसीएएची एक नोंदवही. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती सुरू झाली. मुलाने 'मला बदली हवी' असं लेखी कळवलं की कॉलेजने कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचं नाव त्यात घालायचं. नाव आलं की बाकी कोच त्याच्याशी बोलू शकतात. त्याआधी बोलले तर तो नियमभंग.

पूर्वी बास्केटबॉलमध्ये कॉलेज बदललं की एक वर्ष खेळता येत नसे. मुलं त्या एका वर्षाला घाबरूनच थांबत. एप्रिल २०२१ मध्ये एकदा बदली माफ झाली. पुढे कोर्टात प्रकरण गेलं आणि २०२४ च्या वसंतात अभ्यासाची अट पाळणाऱ्याला कितीही वेळा बदली करायची मुभा मिळाली. मधल्या काळात १ जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवायचीही परवानगी आली, त्यालाच सगळे एनआयएल म्हणतात. बदली सोपी होणं आणि पैसा येणं एकाच उन्हाळ्यात घडलं. त्यात कोविडमुळे सगळ्यांना खेळायला एक जादा वर्ष मिळालं होतं, त्यामुळे पोर्टल अनुभवी खेळाडूंनी भरून गेलं.

आता जे टीव्हीवर कुणी सांगत नाही ते. नाव घातलं की तुमची सध्याची स्कॉलरशिप सत्राच्या शेवटी काढून घेता येते. परत यायचं म्हटलं तरी कॉलेजने घ्यायलाच हवं असं नाही. आणि क्रेडिट! तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के अभ्यास पूर्ण हवा, चौथ्याच्या सुरुवातीला ६० टक्के. नव्या कॉलेजने जुनी क्रेडिट मानली नाहीत तर मुलगा मैदानावर पात्र राहावा म्हणून त्याला ज्यात क्रेडिट बसतील तो विषय निवडावा लागतो. मी अशी मुलं समोर बसलेली पाहते. इंजिनिअरिंगच्या इच्छेने आलेला मुलगा दोन बदल्यांनंतर जे मिळेल ते शिकत असतो. रोस्टरची जागा भरली जाते, त्याच्या पदवीचं काय झालं हे कुणी विचारत नाही.

पहाटेचा_प्रेक्षक

ताई, मनापासून आभार. इतकं स्वच्छ कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

केंटकीवाले_काका

लेक्सिंग्टनमध्ये राहून वीस वर्षं होऊन गेली. धागाकर्त्यांना एकच विचारतो : कणा मुळात नसेलच तर काय करायचं?

एप्रिल २०२४. केंटकीचे कोच कॅलिपारी आर्कन्सॉला गेले, त्यांच्या जागी मार्क पोप आले, आणि पोप यांच्या हाती स्कॉलरशिपवर असलेला एकही जुना खेळाडू नव्हता. शून्य. केंटकीसारख्या ठिकाणी! त्यांनी सगळा संघ जुळवला. ड्रेक्सेलहून अमारी विल्यम्स, डेटनहून कोबी ब्रेया, सॅन डिएगो स्टेटहून लॅमाँट बटलर, वेक फॉरेस्टहून अँड्र्यू कार, ओक्लाहोमाहून ओटेगा ओवे. बीवाययूहून (ब्रिगहॅम यंग विद्यापीठातून) स्वतःबरोबर जॅक्सन रॉबिन्सनला आणलं. आणि जर्सीकर, तुमच्या त्या फेअरली डिकिन्सनचा अ‍ॅन्सली अलमनोरही आमच्याकडेच आला. हा गोतावळा स्वीट सिक्स्टीनपर्यंत, म्हणजे शेवटच्या सोळांपर्यंत, गेला. घरीच वाढवायचं म्हणून बसले असते तर त्या वर्षी पाच जण उभे करता आले नसते.

पोप स्वतःही ट्रान्स्फरच. वॉशिंग्टनहून केंटकीला आले, जुन्या नियमाप्रमाणे एक वर्ष बाहेर बसले आणि १९९६ च्या विजेत्या संघाचे सहकर्णधार झाले. बदली करून आलेला माणूस परका राहतो असं म्हणणाऱ्यांनी त्यांना बघावं. इथली माणसं त्यांना घरचंच मानतात.

हूजियर_मराठी

काका, केंटकीची गोष्ट नाइलाजाची होती हे मान्य. नाइलाजाने केलेली गोष्ट मग दरवर्षीची रीत होते, याची मला धास्ती आहे. ट्रॅव्हिस पेरीचं काय झालं? केंटकी राज्याच्या शालेय बास्केटबॉलमधला सर्वकालीन सर्वाधिक गुणांचा मानकरी, गावचा मुलगा, एक वर्ष खेळून ओले मिसला (मिसिसिपी विद्यापीठात) गेला.

केंटकीवाले_काका

दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. पेरी गेला तेव्हा इथे खूप माणसं हळहळली, मीही. पण त्याला खेळायला मिनिटं हवी होती आणि इथे ती मिळण्याची चिन्हं नव्हती. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने केवळ आमच्या अभिमानापोटी बाकावर बसून राहावं असं मला म्हणवत नाही.

आकडेमोड

धागाकर्त्यांशी असहमत.

२०२४ च्या फायनलमध्ये तुमच्या पर्ड्यूला यूकॉनने (कनेक्टिकट विद्यापीठाने) ७५-६० असं हरवलं. यूकॉनचे दोन्ही अनुभवी गार्ड कुठले? ट्रिस्टन न्यूटन ईस्ट कॅरोलायनाहून आलेला. कॅम स्पेन्सर लॉयोला मेरीलँडहून रटगर्स आणि तिथून यूकॉन. यंदाच्या ७ एप्रिलला फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ हरवून विजेतेपद घेतलं. वॉल्टर क्लेटन आयोनाहून, अलिजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून, विल रिचर्ड बेलमाँटहून. सुरुवातीचे तिन्ही गार्ड ट्रान्स्फर आणि तिघेही लहान कॉन्फरन्समधून (एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांतून) वर आलेले. आणि यंदाच्या स्वीट सिक्स्टीनमध्ये पर्ड्यूला शेवटच्या सेकंदाच्या आत कोणी बाद केलं? मिलोस उझानने. तो ओक्लाहोमाहून ह्यूस्टनला आला होता, जमाल शेड गेल्यामुळे रिकामी झालेली पॉइंट गार्डची जागा भरायला.

'एक, फार तर दोन' ही मर्यादा कुठल्या आधारावर? जो चांगला खेळतो तो घ्यावा, तो कुठून आला हे बघण्यात अर्थ नाही.

हूजियर_मराठी

उझानच्या त्या बास्केटचा उल्लेख अपेक्षित होता. ६२-६०. तोही आमच्या इंडियानापोलिसमध्ये. त्याने बाहेरून चेंडू आत दिला, तो परत त्याच्याकडेच आला आणि बोर्डावर ०.९ सेकंद उरलेले असताना गुण झाले.

पण बघा, ह्यूस्टन माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. केल्विन सॅम्पसन यांच्याकडे जे'वॉन रॉबर्ट्स कितीतरी वर्षं तिथेच होता. त्यांचा बचाव वर्षानुवर्षं तसाच कडक असतो कारण जुने नव्यांना शिकवतात. उझान आला तो त्या घडीत बसला. फ्लोरिडाचेही गार्ड बाहेरचे असले तरी अ‍ॅलेक्स कॉन्डन आणि थॉमस हॉ हे दोघं शाळेतून थेट आलेले, फारसा गाजावाजा नसलेले. टॉड गोल्डन यांनी त्यांना तिथेच मोठं केलं. आणि रिचर्ड तीन मोसम फ्लोरिडात होता, क्लेटन दोन. त्यांना मी तरी उपरे म्हणणार नाही.

मॅन_टू_मॅन

एका वाक्यात : आला कुठून यापेक्षा थांबला किती हे महत्त्वाचं. धागाकर्त्यांना +१.

कोपऱ्यातला_शूटर

पुण्यात क्लबतर्फे बरीच वर्षं खेळलो, आता मुलांना शिकवतो. भारतीय संघातल्या शिरीन लिमयेचा खेळ जवळून बघितलेल्या पिढीतला. कॉलेजच्या पैशातलं मला कळत नाही, पण रिकामी जागा भरणं म्हणजे काय हे कोचला रोज कळतं.

जागा रिकामी होते ती पंधरा गुण करणाऱ्याची, असं लोक समजतात आणि पंधरा गुण करणारा दुसरा शोधतात. गेलेला खेळाडू न दिसणारी चार कामं करत असतो. स्क्रीन (सोबत्याच्या बचावपटूची वाट अडवणं) कोण लावायचं, उलट्या बाजूने मदतीला कोण धावायचं, दोन चुकल्यावर गोलात उभं राहून कोण बोलायचं. ही कामं आकड्यांत येत नाहीत. नवा माणूस आला की तो आपली जुनी सवय घेऊन येतो. आधीच्या संघात सगळे चेंडू त्याच्याच हातात जायचे, इथे त्याला कोपऱ्यात उभं राहायला सांगितलं तर तो कोपऱ्यात असतो पण खेळात नसतो. माझ्याकडे दुसऱ्या क्लबमधून आलेल्या एका गुणी मुलाला ही जागा पचायला अख्खा मोसम लागला, आणि त्याला पैसे मिळत नव्हते की वर्षभरात पुन्हा निघून जायची सोय नव्हती. इथे तर सगळं एका मोसमात उरकायचं असतं.

आकडेमोड

शूटर यांचा मुद्दा एकदम रास्त आहे, आणि त्याला पुरावाही आहे. ए. जे. स्टोर. सेंट जॉन्सहून विस्कॉन्सिन, तिथे सरासरी जवळपास १७ गुण. मग कॅन्सस, तिथे ६ च्या आसपास. आता ओले मिस. कॅन्सस २०२४-२५ मध्ये मोसमाआधीच्या क्रमवारीत पहिलं होतं, पोर्टलमधून तगडी नावं आणली होती, आणि पहिल्याच फेरीत आर्कन्सॉकडून हरलं.

पण त्याच कॅन्ससने आणलेला झीक मेयो चांगला खेळला. तो साउथ डकोटा स्टेटहून आला होता आणि मूळचा कॅन्सस विद्यापीठाच्याच लॉरेन्स गावचा. म्हणून मी गुणांची सरासरी सगळ्यात शेवटी बघतो. फ्री थ्रोची टक्केवारी, रीबाउंडमधला वाटा, चेंडू किती वेळा गमावला हे लहान कॉन्फरन्समधून मोठीत आल्यावरही बरंचसं टिकतं. सहा फूट सात इंचाचा मुलगा लहान कॉन्फरन्समध्ये बास्केटखाली रेटून गुण करत असेल, तर सात फुटी सेंटर समोर आल्यावर ते गुण आटतात. लान्स जोन्स पर्ड्यूत टिकला कारण त्याला पर्ड्यूत गुणांचं ओझं उचलायचंच नव्हतं, बचाव आणि वेग या दोन गोष्टींसाठी आणलं होतं. इथे मी धागाकर्त्यांच्या जवळ येतोय हे लक्षात आलंय माझ्या. संख्येची मर्यादा तरीही मान्य नाही.

डेमॉइनकर

आयोवातून लिहितोय. इथल्या ड्रेक विद्यापीठाचं नाव अजून कुणी काढलं नाही याचं नवल वाटतं.

२०२४ मध्ये कोच डॅरियन डीव्राईस वेस्ट व्हर्जिनियाला गेले, त्यांचा मुलगा टकर हा आमचा सर्वोत्तम खेळाडू, तोही गेला. संघ रिकामा. बेन मॅकॉलम आले नॉर्थवेस्ट मिझुरी स्टेटहून. डिव्हिजन टूमध्ये चार विजेतेपदं मिळवलेला माणूस. त्यांनी तिथले आपले चार खेळाडू आणले, त्यात बेनेट स्टर्ट्झ. डिव्हिजन टूची मुलं डिव्हिजन वनमध्ये काय टिकणार, असं सगळीकडे बोललं जात होतं. ३१ विजय, ४ पराभव. एनसीएए स्पर्धेत मिझुरीला पहिल्याच फेरीत ६७-५७ हरवलं. इतक्या शांतपणे खेळणारा संघ मी डेमॉइनमध्ये बघितला नव्हता. घाई नाही, आरडाओरडा नाही, घड्याळाचे सेकंद संपत आले की स्टर्ट्झ नेमकं काहीतरी करणार.

म्हणजे ट्रान्स्फर आणि जुनी घडी दोन्ही एकदम आणता येतात, जर कोच आणि खेळाडू मिळूनच आले तर.

मग मार्चअखेर मॅकॉलम आयोवा विद्यापीठात गेले. स्टर्ट्झही त्यांच्याबरोबर गेला, इतरही काही. ड्रेक पुन्हा रिकामं. दोन तासांच्या अंतरावर असलेल्या मोठ्या विद्यापीठाने आमचा संघ उचलून नेला. मॅकॉलम मूळचे आयोवाचेच, त्यांना ही नोकरी मिळणं स्वाभाविक होतं, त्यांच्यावर राग नाही. पण एका वर्षात ज्या खेळाडूंवर गावाने जीव लावला ते नोव्हेंबरात दुसऱ्या रंगात दिसणार. हे सवयीचं होईल असं लोक म्हणतात. मला व्हायला नकोय सवयीचं.

जर्सीकर

डेमॉइनकर, तुमचं दुःख मला नेमकं कळतं. वर थट्टा केली, आता जरा गंभीर लिहितो.

सेंट पीटर्स जर्सी सिटीत आहे, तिथे मराठी माणसंही पुष्कळ राहतात. २०२२ मध्ये पंधराव्या मानांकनाच्या या कॉलेजने केंटकी, मरी स्टेट आणि पर्ड्यू असे तीन संघ हरवले. एलिट एटमध्ये (शेवटच्या आठांत) पोचलेला पंधराव्या मानांकनाचा पहिलाच संघ. त्या आठवड्यात आमच्या रस्त्यांवर अनोळखी माणसं एकमेकांशी बास्केटबॉलवर बोलत होती. मग कोच शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले. के. सी. एन्डेफो त्यांच्या मागोमाग. डग एडर्ट ब्रायंटला, डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला, ड्रामे जुळे भाऊ ला सॅलला. काही आठवड्यांत सगळं पांगलं.

रिकाम्या जागा भरायच्या कशा, हा मोठ्या कॉलेजांचा प्रश्न झाला. त्या जागा भरताना दुसरीकडे तेवढ्याच रिकाम्या होतात. यंदाच्या स्वीट सिक्स्टीनमधले सोळाही संघ चार बड्या कॉन्फरन्सचेच होते. एसईसीचे सात, बिग टेन आणि बिग ट्वेल्व्हचे चार-चार आणि एसीसीचं एकटं ड्यूक. फायनल फोरमध्ये चारही पहिल्या मानांकनाचे. सेंट पीटर्ससारखं पुन्हा घडायचं तर चांगले खेळाडू लहान कॉलेजात तीन-चार वर्षं एकत्र राहायला हवेत, आणि तेच आता अवघड झालंय.

केंटकीवाले_काका

जर्सीकर, सगळं पटतं. तरी त्या मुलांच्या बाजूनेही बघा. ड्रेक्सेलमध्ये अमारी विल्यम्स उत्तम बचाव करत होता, पण त्याला बघत कोण होतं? केंटकीत आला, देशभर दिसला. मुलाला वर जायची संधी असताना त्याने तुमच्या-माझ्या गोष्टीसाठी खाली थांबायचं?

जर्सीकर

नाही थांबायचं, काका. मुलाला दोष देतच नाही. लहान कॉलेजाला त्या बदल्यात काहीतरी मिळावं एवढंच म्हणतो. फुटबॉलमध्ये, म्हणजे पायाने खेळतात त्या, युरोपात खेळाडू गेला की जुन्या क्लबला हस्तांतराचे पैसे मिळतात. इथे खेळाडू घडवणाऱ्याच्या पदरात शून्य.

सल्लागार_ताई

ही कल्पना मला आवडली. तो पैसा त्या कॉलेजच्या स्कॉलरशिपमध्येच घालायची अट असेल तर आणखी आवडेल.

लेकीची_आई

मी पहिल्यांदाच लिहितेय. इथे सगळे कोच आणि चाहते यांच्या बाजूने बोलताहेत, एक बाजू राहिली म्हणून लिहिते.

माझी मुलगी अमेरिकेत शाळेत अकरावीला आहे, बास्केटबॉल मन लावून खेळते. उंचीने मध्यम, पण पास देण्यात हुशार. तिच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या मुलींच्या वेळी कोच शाळेतल्या खेळाडूंच्या मागे लागायचे. आता ज्या कॉलेजांशी पत्रव्यवहार चालू होता त्यातल्या एका कोचने स्पष्ट सांगितलं, की रिकाम्या जागा एप्रिलमध्ये पोर्टल बघूनच भरणार, शाळेतून एखादीच घेऊ. त्यांचंही चुकत नाही. बावीस वर्षांची, शंभर सामने खेळलेली मुलगी तयार मिळत असेल तर सतरा वर्षांच्या मुलीला घडवत कोण बसेल? पण सगळ्यांनीच असं केलं तर ती बावीस वर्षांची मुलगी घडणार कुठे?

घरी आम्ही तिला खेळ सोड म्हणत नाही. लहान कॉलेज, डिव्हिजन टू, डिव्हिजन थ्री सगळं बघतोय. ताईंनी क्रेडिटचं लिहिलंय ते वाचून काल रात्री तिला आवडणाऱ्या विषयाची यादी करायला बसवलं. आधी विषय, मग कॉलेज.

सल्लागार_ताई

अगदी बरोबर क्रम. प्रत्येक कॉलेजच्या कोचला एक प्रश्न जरूर विचारा : गेल्या दोन वर्षांत शाळेतून घेतलेल्या मुलींपैकी आज किती तुमच्याकडे आहेत? नावं त्यांच्या संकेतस्थळावरच्या रोस्टरमध्ये असतात, जुनं आणि नवं शेजारी ठेवून तुम्हीही बघू शकता. आणि ती भारतीय पासपोर्टवर एफ-१ व्हिसाने शिकणार असेल तर पैशाच्या कराराआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारल्याशिवाय सही करायची नाही. त्या व्हिसावर काम करण्याची बंधनं कडक आहेत. झॅक ईडी कॅनडाचा, देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला तरी त्यालाही एनआयएलचा पुरेसा फायदा घेता आला नाही.

मॅन_टू_मॅन

मुलींचा विषय निघालाच आहे तर २०२३ ची फायनल आठवा. एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) एंजेल रीसला मेरीलँडहून आणलं होतं, संघ बहुतांश नवा. समोर आयोवा, केटलिन क्लार्कसह पाचही जणी तिथेच वाढलेल्या. एलएसयू १०२, आयोवा ८५. धागाकर्त्यांच्या कण्याचं काय झालं?

डेमॉइनकर

काय झालं ते सांगतो. आयोवा हरलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा फायनलला गेलं. त्या मुलींची नावं इथल्या शाळेतल्या पोरींना आजही पाठ आहेत.

पहाटेचा_प्रेक्षक

अवांतर : पुरुषांची फायनल भारतात मंगळवारी सकाळी साडेसहाच्या आसपास सुरू होते. यंदा फ्लोरिडा बारा गुणांनी मागे पडलं तेव्हा घरचे म्हणाले, आता तरी आंघोळ कर. नाही उठलो. शेवटच्या ताब्यात क्लेटन धावत अंगावर गेला, ह्यूस्टनच्या शार्पला शॉट मारता आलाच नाही, आणि चेंडू हातचा गेला. ऑफिसला उशीर झाला, साहेबांना कारण सांगितलं तर त्यांनी 'क्लेटन कोण' विचारलं. आता ते पण बघणार आहेत म्हणे.

कोपऱ्यातला_शूटर

वा! साहेबांना धाग्यावर आणा.

आता मूळ प्रश्न. दोन जागा रिकाम्या असत्या तर मी एक भरली असती वरच्या वर्षाच्या ट्रान्स्फर खेळाडूने. शक्यतो जो लहान संघात हरण्याचीही सवय असलेला आहे आणि ज्याला माझ्याकडे काय करायचंय हे पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगितलंय. दुसरी शाळेतल्या मुलाला दिली असती आणि त्याला पहिल्या वर्षी बाकावर बसावं लागेल हेही तितक्याच स्पष्ट सांगितलं असतं. गेला तर गेला. पण राहिला तर तिसऱ्या वर्षी तोच नव्याला स्क्रीन कुठे लावायचं ते शिकवेल.

आकडेमोड

दोन्ही जागा ट्रान्स्फरने. मत कायम. पण दोघांनाही किमान दोन वर्षं शिल्लक असलेले घेईन. एका वर्षाचा पाहुणा नको. हा बदल या धाग्यामुळे.

सल्लागार_ताई

मला वेळेचंही बोलायचंय. यंदा, २०२५ मध्ये, पोर्टलची खिडकी (नाव नोंदवायची मुदत) २४ मार्चला उघडली आणि २२ एप्रिलला बंद झाली. स्पर्धा ७ एप्रिलपर्यंत चालू. कोच एकीकडे स्वीट सिक्स्टीनची तयारी करतोय आणि दुसरीकडे फोनवर पुढच्या वर्षीचा सेंटर शोधतोय. मुलं स्पर्धेत खेळताना मनात बदली. ही खिडकी फायनलनंतरच उघडायला हवी. व्हर्जिनियाचे टोनी बेनेट, २०१९ चे विजेते कोच, गेल्या ऑक्टोबरात मोसम तोंडावर असताना निवृत्त झाले, सध्याच्या व्यवस्थेत आपण बसत नाही असं सांगून. असे लोक जाणं मला पैशापेक्षा मोठं नुकसान वाटतं.

हूजियर_मराठी

ताई, खिडकीबद्दल शंभर टक्के सहमत.

बाकी माझी भूमिका वाचून वाचून जरा हलली आहे. संख्येवर अडून बसत नाही. आकडेमोड म्हणतात ती 'दोन वर्षं शिल्लक' अट मला जास्त कामाची वाटते. लेकीच्या आईंचा प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. पंधरापैकी निदान चार जागा शाळेतून आलेल्यांसाठी असाव्यात असं मला वाटतं. नियम करून नव्हे, कोचने स्वतःहून.

क्लफ गेल्या चार वर्षांत कुठे कुठे खेळला ते मी बघितलं, वॉशिंग्टन स्टेटही त्यात आहे. आमच्याकडे त्याचं एकच वर्ष असेल. शूटर, तुमच्या कसोटीत तो बसतो का?

कोपऱ्यातला_शूटर

काम एकच असेल तर बसतो. रीबाउंड घ्यायचा आणि स्मिथच्या हातात द्यायचा. पहिल्या दहा सामन्यांत तो पोस्टमध्ये (बास्केटजवळ) चेंडू मागताना दिसला नाही, तर निर्धास्त राहा.

डेमॉइनकर

पुढच्या मोसमात बिग टेनमध्ये सगळे एकमेकांशी किमान एकदा खेळणार. म्हणजे स्टर्ट्झसमोर ब्रेडन स्मिथ. एक डिव्हिजन टूपासून कोचबरोबर तीन कॉलेजं फिरलेला, एक चार वर्षं एकाच ठिकाणी थांबलेला. वेळापत्रक आलं की इथे तारीख टाकतो. सामना आयोवा सिटीत असेल तर हूजियर, तुमची राहायची सोय माझ्याकडे.